बाजार बंद असताना ठरवा: शेअर बाजारात नव्याने उतरणाऱ्या गोमंतकीयांसाठी

डिचोली तालुक्यातल्या एका उच्च माध्यमिक विद्यालयात मी वाणिज्य शिकवते. माझी जुनी मुलं आता कुंडई-वेर्ण्याच्या कारखान्यांत, पणजीच्या बँकांत, हॉटेलांत कामाला आहेत. पगार सुरू झाला की दोन-तीन महिन्यांत फोन येतो, "टीचर, डिमॅट उघडलं. आता काय घेऊ?"

डिमॅट म्हणजे शेअर ठेवायचं खातं. पण काय घ्यायचं हे मी सांगत नाही. सांगण्याचा परवानाही माझ्याकडे नाही. मी उलट विचारते, "ठरवतोस कधी?" बाजार सकाळी सव्वानऊला उघडतो आणि दुपारी साडेतीनला बंद होतो. भाव हलतात, स्क्रीन लाल-हिरवी होते, ग्रुपवर मेसेज येत राहतात. बहुतेक चुकीचे निर्णय याच सव्वासहा तासांत घेतले जातात, आणि ते घेणारे अडाणी नसतात. त्या वेळी डोकं थंड नसतं, एवढंच. म्हणून या लेखातली प्रत्येक पायरी एकाच गोष्टीसाठी आहे: निर्णय बाजार बंद असताना घ्यायचा, कागदावर लिहायचा आणि बाजार उघडल्यावर फक्त अमलात आणायचा.

पहिली पायरी: आधी पुरुमेंत

मे महिन्यात आपल्याकडे पुरुमेंत भरतात. मीठ, सोलं, मिरच्या, चिंच, खारे बांगडे. जूनमध्ये धो धो पाऊस लागला की घरात काय आहे याची चिंता राहत नाही. पैशाचंही तसंच करायचं. शेअरमध्ये एक रुपया घालण्याआधी सहा महिन्यांचा घरखर्च बचत खात्यात किंवा मुदत ठेवीत वेगळा ठेवा. टॅक्सी, शॅक, गेस्ट हाऊस अशा हंगामावर ज्यांचं घर चालतं, त्यांनी तो दहा महिन्यांचा ठेवावा. तुमच्या मिळकतीला पावसाळ्याचे चार महिने ओहोटी असते, आणि बाजार पडायचा असेल तर तो ऑक्टोबरपर्यंत थांबणार नाही.

ही पायरी मी हिशोबाची मानत नाही, मनाची मानते. घरात पुरुमेंत असलेल्या माणसाला घसरलेला भाव नुसता दिसतो. नसलेल्याला त्याच भावात मुलाची फी आणि गाडीचा हप्ता दिसतो. २०२०च्या मार्चमध्ये विकणारे सगळेच घाबरट नव्हते. कित्येकांना रोख हवी होती, म्हणून मिळेल त्या भावाला विकावं लागलं.

पाच वर्षांच्या आत लागणारा पैसाही इथे आणू नका. जानेवारी २००८मध्ये सेन्सेक्स, म्हणजे मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक, २१,०००च्या वर गेला आणि मार्च २००९मध्ये ८,०००च्या आसपास आला. पुन्हा २१,००० दिसायला नोव्हेंबर २०१० उजाडला. त्या मधल्या काळात बहिणीचं लग्न असतं, तर ते वाट बघत थांबलं नसतं.

दुसरी पायरी: वही घाला

शंभर पानी साधी वही पुरते. ॲप नको, कारण ॲप उघडलं की भाव दिसतात. खरेदीच्या आदल्या रात्री किंवा रविवारी चार गोष्टी लिहायच्या. काय आणि किती घेतो आहे. का घेतो आहे. कोणत्या कारणाने विकेन. आणि आत्ता मनात काय चाललंय.

माझ्या वहीतली एक नोंद जशीच्या तशी देते. कंपनीचं नाव गाळलं आहे:

"रविवार, रात्री ९. औषध कंपनी, २० शेअर. का: पाच वर्षं विक्री दरवर्षी वाढली, कर्ज नावापुरतं. विकेन: कर्ज वाढायला लागलं, किंवा सलग दोन वर्षं नफा घटला तर. नुसता भाव पडला म्हणून विकणार नाही. मन: स्टाफरूममध्ये दोघींनी घेतलाय, म्हणून घाई होतेय. त्यामुळे आता १०च घेणार, उरलेले पुढच्या निकालानंतर."

शेवटची ओळ मुलं हमखास गाळतात. मला विचाराल तर तीच सर्वांत महत्त्वाची. घाई का होतेय हे लिहिताना हात थांबतो आणि २०चे १० होतात.

वहीचा दुसरा उपयोग वर्षभराने कळतो. शेअर वर गेला की वाटतं, हे मला माहीतच होतं. पडला तरी वाटतं, मला शंका होतीच. आठवण निकाल बघून बदलते आणि त्या बदललेल्या आठवणीवर आपण स्वतःला हुशार ठरवतो. शाईतलं वाक्य बदलत नाही.

तिसरी पायरी: पहिल्या आकड्याची पकड ओळखा

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मासळीवाली इसवणाचे ८०० सांगते. तुम्ही ५५०वर आणता आणि खुशीत घरी येता. पण पलीकडच्या पाटीवर काय दर होता, हे विचारलंच नाही. तुमची सगळी घासाघीस ८००च्या भोवती फिरली, कारण तो आकडा पहिला कानावर पडला. इसवण ताजं आहे की बर्फातलं, हे कल्ले उचलून बघायचंही राहिलं.

शेअरच्या बाबतीत ही मासळीवाली म्हणजे ५२ आठवड्यांचा उच्चांक, वर्षभरातला सर्वांत वरचा भाव. "९००चा शेअर ४५०ला मिळतोय" हे वाक्य ऐकलं की स्वस्त वाटतं. ९०० हा कुणीतरी एकदा दिलेला भाव आहे. कंपनी आज किती कमावते, याच्याशी त्याचा संबंध असेलच असं नाही. अर्धा झालेला शेअर पुन्हा अर्धा होऊ शकतो. दुसरा असा आकडा म्हणजे तुमचा स्वतःचा खरेदीभाव. तो जगात फक्त तुम्हाला माहीत आहे. बाजाराला त्याचं काहीच देणंघेणं नाही.

उपाय साधा आहे. वहीत "का" लिहिताना भाव लिहायचाच नाही. कंपनी काय विकते, किती कमावते, किती देणं आहे, हे आधी लिहायचं आणि भाव मागाहून बघायचा. म्हणजे आधी कल्ले, मग दर.

चौथी पायरी: तोट्याशी कसं वागायचं, हे तोटा होण्याआधी ठरवा

इथे थोडी थांबणार आहे, कारण मी स्वतः इथेच पडले.

डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७९मध्ये एक सिद्धान्त मांडला. हजार रुपये मिळाल्याचा आनंद आणि हजार गेल्याचं दुःख सारखं नसतं. पुढच्या मोजमापात दुःख सुमारे दुप्पट निघालं. कानेमन यांना २००२मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, तोवर ट्वर्स्की हयात नव्हते.

हे दुप्पट दुःख दोन उलट्या चुका करायला लावतं. पहिली चूक माझी. २३ मार्च २०२०, सोमवार. सकाळी दहाच्या सुमाराला सेन्सेक्स दहा टक्के पडला आणि व्यवहार ४५ मिनिटं थांबले. मी घरच्या सोप्यावर मोबाईल घेऊन बसले होते. गावातली दुकानं बंद होत होती, कुणालाच काही माहीत नव्हतं. ती ४५ मिनिटं खरं तर विचार करायला मिळालेली सवलत होती. मी ती ग्रुपवरचे मेसेज वाचण्यात घालवली. व्यवहार पुन्हा सुरू झाल्यावर सात वर्षं जमवलेले म्युच्युअल फंडाचे सगळे युनिट काढायला टाकले. बटण दाबल्यावर छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं, ते आजही आठवतं. त्या दिवशी सेन्सेक्स ३,९३४ अंक पडून २५,९८१वर बंद झाला. "अजून पडू दे, मग परत घालते," असं मी म्हणत राहिले. नोव्हेंबरमध्ये त्याने जानेवारीचा उच्चांक ओलांडला, तेव्हा माझे पैसे बचत खात्यात होते. मला त्यांची तेव्हा गरजही नव्हती. पगार चालू होता. मी फक्त दुःख थांबवायला विकलं.

दुसरी चूक याच्या उलट आणि जास्त सर्रास दिसते. "माझ्या भावाला आला की काढतो." शेअर ३०० वरून १२०वर आला, कंपनीचं कर्ज फुगलं, तरी माणूस सोडत नाही, कारण विकलं की तोटा पक्का होतो. तेवढ्यात दुसरा चांगला शेअर वीस टक्के वर गेला की तो लगेच विकून मोकळा होतो. झाड उपटायचं आणि गवताला पाणी घालायचं, असा हा प्रकार. हर्ष शेफ्रिन आणि मेअर स्टॅटमन यांनी १९८५मध्ये या सवयीवर लिहिलं. नंतर टेरन्स ओडीन यांनी अमेरिकेतल्या एका ब्रोकरकडची दहा हजार खाती तपासली. तिथेही लोक फायद्यातले शेअर विकत होते आणि तोट्यातले धरून बसत होते. वर, विकलेले शेअर धरून ठेवलेल्यांपेक्षा पुढे सरासरीने जास्त वाढले.

वहीच्या पहिल्या पानावर मी एक प्रश्न लिहून ठेवला आहे: आज हातात तेवढीच रोख असती, तर हाच शेअर आज, या भावाला मी घेतला असता का? उत्तर "नाही" असेल, तर माझा खरेदीभाव ३०० होता की ३०, याला अर्थ नाही. उत्तर "हो" असेल, तर लाल रंगाला अर्थ नाही.

आणि आकडेमोड लक्षात ठेवा. तीस टक्के पडलेल्याला मूळ जागी यायला सुमारे ४३ टक्के चढावं लागतं, पन्नास टक्के पडलेल्याला १०० टक्के. त्यामुळे पडत्या शेअरमध्ये "ॲव्हरेज करतो", म्हणजे कमी भावाला आणखी घेऊन खरेदीची सरासरी खाली आणतो, म्हणून आणखी पैसे ओतण्याआधी वहीतलं "का" पुन्हा वाचा. ते कारण अजून जिवंत असेल तरच पुढे जा.

४ जून २०२४ला लोकसभेचा निकाल लागत होता. बाराच्या सुमाराला एका माजी विद्यार्थ्याचा फोन. मागे मशीनचा आवाज, बहुतेक शिफ्टमधूनच बोलत होता.

"टीचर, सगळं लाल झालंय. विकू काय?"

"वहीत काय लिहिलंस?"

थोडा वेळ गप्प. "वही घरी आहे."

"मग घरी जाऊन वाच आणि रात्री फोन कर."

सेन्सेक्स त्या दिवशी ४,३८९ अंक पडला. रात्री त्याचा फोन आला, तो दुसऱ्याच कशासाठी तरी. ७ जूनला सेन्सेक्स नव्या उच्चांकावर बंद झाला. यावरून "पडलेलं तीन दिवसांत चढतं" असा अर्थ कुणी काढू नये. २००८चे आकडे वर दिलेच आहेत. तीन दिवस लागतील की तीन वर्षं, हे दुपारी बारा वाजता कुणालाच ठाऊक नसतं, म्हणून दुपारी बारा वाजता ठरवायचं नाही.

पाचवी पायरी: कमी बघा

भाव रोज बघणाऱ्याला तोटा वारंवार दिसतो, वर्षातून एकदा बघणाऱ्याला क्वचित. बाजार तोच, पैसे तेच. पण प्रत्येक लाल दिवसाचं दुःख दुप्पट धरलं, तर रोज बघणारा सतत हरत असल्यासारखा जगतो आणि शेवटी कंटाळून बाहेर पडतो. श्लोमो बेनार्त्झी आणि रिचर्ड थेलर यांनी १९९५मध्ये हेच मांडलं.

ॲपच्या सूचना आज बंद करा. एसआयपी सुरू करा. तिच्यात ठरलेली रक्कम दर महिन्याला आपोआप फंडात जाते, म्हणजे दर महिन्याचा निर्णय एकदाच घेतला जातो. तारीख पगाराच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाची ठेवा. तिमाहीतल्या एका रविवारी वही आणि डिपॉझिटरीकडून (आपले शेअर जिथे नोंदलेले असतात ती संस्था) येणारं एकत्रित विवरणपत्र शेजारी ठेवून बसा. मधल्या काळात विकावंसं वाटलंच, तर कारण वहीत लिहायचं आणि एक रात्र जाऊ द्यायची. शेअर वर्षाच्या आत विकला तर नफ्यावर २० टक्के कर लागतो. वर्षानंतर विकला तर वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा नफा सुटतो आणि त्याहून जास्तीच्या नफ्यावर साडेबारा टक्के लागतो. घाईची ही किंमत तर कागदावरच दिसते.

आणि सारखी उलाढाल करणाऱ्याचं काय होतं? ब्रॅड बार्बर आणि ओडीन यांनी ६६,४६५ अमेरिकी कुटुंबांची १९९१ ते १९९६ची खाती पाहिली. बाजाराने वर्षाला १७.९ टक्के दिले. सर्वांत जास्त खरेदी-विक्री करणाऱ्यांच्या हाती ११.४ टक्के पडले.

सहावी पायरी: गर्दीतून बाहेर या

उत्सवात देवाला वाहिलेल्या फळांची पावणी होते. पन्नासचा नारळ बोली चढत चढत हजारांत जातो. तिथे ते योग्यच आहे, पैसा देवाचा आणि आनंद आपला. पण बोली चढताना अंगात जे येतं, ते आयपीओच्या, म्हणजे कंपनी पहिल्यांदाच लोकांना शेअर विकते त्या दिवसांतही येतं, आणि तिथे पैसा देवळात जात नाही.

जानेवारी २००८मधला रिलायन्स पॉवरचा आयपीओ सुमारे ७३ पट भरला. भाव ४५० रुपये, किरकोळ गुंतवणूकदारांना ४३०. कंपनीचे मोठे वीजप्रकल्प तेव्हा उभे राहायचे होते. ११ फेब्रुवारीला शेअर बाजारात आला आणि पहिल्याच दिवशी ३७२च्या आसपास बंद झाला. ७३ पट मागणी म्हणजे ७३ पट अभ्यास नव्हता. पुढचा अर्ज भरतोय म्हणून मागचा भरत होता.

"ग्रे मार्केटमध्ये इतका प्रीमियम आहे" (म्हणजे शेअर बाजारात येण्याआधीच्या अनधिकृत सौद्यांत भाव चढा आहे) हे वहीत "का"च्या जागी चालत नाही. व्हॉट्सॲप-टेलिग्रामवरची टिप तर मुळीच नाही. सल्ला देणाऱ्याकडे सेबीची, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेची, नोंदणी लागते. गुंतवणूक सल्लागाराचा क्रमांक आयएनएने सुरू होतो, संशोधन विश्लेषकाचा आयएनएचने. सेबीच्या संकेतस्थळावर तो पडताळा. खात्रीच्या नफ्याची हमी देणारा किंवा स्वतःच्या ॲपमध्ये पैसे भरायला सांगणारा भेटला, तर तिथेच थांबा. पैसे गेले असतील तर लाज बाजूला ठेवून ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. लाजेपायी लोक दोन-दोन दिवस घालवतात आणि तेवढ्यात पैसे चार खात्यांतून फिरून निघून जातात.

फ्युचर्स-ऑप्शन्स

शेअरचा किंवा निर्देशांकाचा भाव पुढच्या ठरावीक तारखेपर्यंत कुठे जाईल यावर केलेले हे सौदे. याला मी पायरी म्हणत नाही. सेबीने २०२४मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एक कोटीहून जास्त वैयक्तिक व्यापाऱ्यांपैकी ९३ टक्के तोट्यात होते. सगळ्यांचा मिळून तोटा १.८ लाख कोटींच्या वर. तोट्यात गेलेल्यांपैकी तीन चतुर्थांशांहून जास्त तरीही खेळत राहिले. गेलेलं आजच भरून काढायचं, ही ओढ मटक्याच्या चिठ्ठीवर आणि मांडवीतल्या कॅसिनोच्या टेबलावर आपण पाहिलेली आहे. पहिली पाच वर्षं इकडे फिरकू नका.

सातवी पायरी: ओळखीचं म्हणजे सुरक्षित नव्हे

२०११मध्ये बाबांनी कर्ज काढून दुसरा ट्रक घेतला. आमच्याकडे तेव्हा खाण म्हणजे सरकारी नोकरीहून पक्की. सकाळपासून रस्त्यावर ट्रकांची रांग, लाल धुळीने माखलेल्या पायऱ्या. त्या धुळीत पैसा दिसत होता, मग शंका कशी येणार? सप्टेंबर २०१२मध्ये खाणी बंद पडल्या. काही वर्षांनी सुरू झाल्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने १६ मार्च २०१८पासून पुन्हा थांबल्या. दुसरा ट्रक दारात गंजला. बाबांना धंदा कळत नव्हता असं नाही. घराची मिळकत, बचत आणि कर्ज तिन्ही एकाच डोंगरावर होती, आणि रोज डोळ्यांसमोर असल्यामुळे तो डोंगर कधी धोक्याचा वाटला नाही.

आज औषध कारखान्यातला माझा विद्यार्थी पहिली खरेदी म्हणून स्वतःच्याच कंपनीचे शेअर घेतो आणि वर फार्मा फंड घेतो. पगार तिथून, बचतही तिथेच. मी त्याला बाबांच्या ट्रकची गोष्ट सांगते. माझी मर्यादा अशी: एका कंपनीत एकूण गुंतवणुकीच्या पाच टक्क्यांपेक्षा जास्त नाही, आणि ज्या उद्योगातून पगार येतो त्यात दहापेक्षा जास्त नाही. नव्याने सुरुवात करणाऱ्याला पन्नास कंपन्या एकदम मिळतात अशा निफ्टीच्या इंडेक्स फंडाने पहिली दोन वर्षं काढता येतात. त्यात कंटाळा येईल, तो येऊ द्या.

याची दुसरी बाजूही आपल्याकडे मोठी आहे. सगळं सोन्यात, जमिनीत आणि मुदत ठेवीत ठेवून "शेअर म्हणजे जुगार" म्हणत बसणं हाही ओळखीच्या गोष्टीला चिकटून राहण्याचाच निर्णय आहे. महागाई त्या ठेवीतून दरवर्षी थोडं थोडं नेते. ते लाल रंगात दिसत नाही, म्हणून दुखत नाही.

आठवी पायरी: वही दुसऱ्याला वाचायला द्या

नवरा, बायको, बहीण, मित्र, कुणीही. बाजारातलं कळणारं माणूसच हवं असं नाही. तुमची घाई ओळखणारं हवं. प्रत्येक खात्याला वारसनोंद केली आहे ना, हे त्यांच्यासमोरच तपासा.

आमच्या घरी तिमाहीच्या रविवारी वही माझ्या नवऱ्याकडे जाते. त्याला ताळेबंद वाचता येत नाही. गेल्या चतुर्थीच्या आधी मी एका कंपनीबद्दल पाऊण पान लिहिलं होतं: क्षेत्राचं भविष्य, सरकारी धोरण, ऑर्डरी. त्याने ते दोनदा वाचलं आणि खाली पेन्सिलीने लिहिलं, "ही भाषा तुझी नाही. ग्रुपवरची काय?" मी पुन्हा वाचलं. तीन वाक्यं शब्दशः एका मेसेजमधली होती, आणि मला ती माझीच वाटत होती. त्या पानावर खरेदीची तारीख अजून कोरी आहे.